गाजर गवत हुंगल्याने ॲलर्जी बरी होत नाही

पावसाने उघडीप दिली की कोल्हापूरच्या उपनगरांतील मोकळे प्लॉट गाजर गवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात आणि त्याच सुमारास व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. यंदा तो कळंब्याला राहणाऱ्या माझ्या मामींपर्यंत पोहोचला आणि त्यांनी दम्याचा पंप कपाटात ठेवून दिला, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. संदेशाचे म्हणणे असे : शिंकांवाटे शरीर विष बाहेर टाकत असते, म्हणून गोळ्या आणि पंप बंद करावेत, ॲलर्जी दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसांनाच होते, गाजर गवताची फुले चुरगळून रोज सकाळी हुंगावीत, म्हणजे शरीराला सवय होते, कारण अमेरिकेत रॅगवीडच्या (गाजर गवताच्या जवळच्या नात्यातील एका तणाच्या) ॲलर्जीवर हाच उपाय करतात, आणि गावचा मध खाल्ल्याने परागांचा त्रास जातो.

पहिल्या मुद्द्यातले विष मुळात अस्तित्वातच नाही. रॅगवीडचा परागकण नाकाच्या ओलसर अस्तरावर पडला की त्यातील प्रथिने काही मिनिटांत विरघळून बाहेर येतात. ती बहुसंख्य माणसांना काहीही करत नाहीत. ज्यांचे शरीर त्यांना शत्रू मानते, त्यांच्या रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होतात आणि नाकातील व श्वासमार्गातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तोच पराग आला की या पेशी हिस्टामिन सोडतात. खाज, शिंका आणि नाकातून वाहणारे पाणी हा त्याचाच परिणाम होय. काही तासांनी इओसिनोफिलसारख्या इतर पेशी तेथे गोळा होऊन सूज वाढवतात आणि नाक चोंदते. हे आयजीई इशिझाका दांपत्याने १९६६ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे शोधले, तेही रॅगवीडची ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्याच रक्तद्रवातून. रुग्णाला छळणारे रसायन त्याच्याच पेशी तयार करतात, हे यावरून स्पष्ट होते. मग कितीही शिंकले तरी बाहेर पडणार काय?

दुबळ्या प्रतिकारशक्तीचा मुद्दाही येथेच निकालात निघतो. ही यंत्रणा कमी पडत नसून चुकीच्या गोष्टीवर तुटून पडत असते; काढे पिऊन ती 'वाढवण्याने' काय साधणार, हे संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मला खरा संताप आहे तो पंप बंद करण्याच्या आणि फुले हुंगण्याच्या सल्ल्याचा. दम्याच्या अनेक रुग्णांना दोन पंप दिलेले असतात : एक धाप लागल्यावर लगेच आराम देणारा आणि दुसरा श्वासनलिकांची सूज आवरणारा, रोज घ्यायचा स्टिरॉइडचा. दुसरा पंप बंद केल्यावर त्याच दिवशी बहुधा काहीच बिघडत नाही, म्हणून संदेश खरा वाटू लागतो. सूज मात्र पुढच्या दिवसांत हळूहळू परतते आणि अशा अवस्थेत परागांनी भरलेल्या हवेत गेलेल्या माणसाला दम्याचा जीवघेणा झटका येऊ शकतो. त्यातच फुले चुरगळून नाकाशी धरायची म्हणजे ज्या परागाने त्रास होतो तोच, कोणतेही मोजमाप न ठेवता, आत ओढायचा. शिवाय गाजर गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते, ज्याने कातडीवर वेगळ्याच प्रकारची ॲलर्जी उठते. ती एक-दोन दिवसांनी दिसते, पापण्या, मान आणि कोपरांच्या खोबणीत पसरते आणि काहींची पाठ वर्षानुवर्षे सोडत नाही. अशा रुग्णांपैकी काहींना पुढे त्याच कुळातील शेवंतीही सोसत नाही.

अमेरिकेत रॅगवीडवर हाच उपाय करतात, या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना, मान्य करतो. रॅगवीड आणि गाजर गवत ही दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातील, जवळच्या नात्याची तणे आहेत आणि एकाच्या परागाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचाही त्रास होऊ शकतो. थोडा थोडा ॲलर्जीकारक पदार्थ देऊन शरीराला त्याची सवय लावण्याची उपचारपद्धतीही खरी आहे, लंडनचे डॉ. लेनर्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागांचा अर्क टोचून तिची सुरुवात केली आणि रॅगवीडसाठी जिभेखाली ठेवायच्या गोळीला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. मात्र त्यात प्रमाणित अर्काची मोजलेली मात्रा असते, इंजेक्शनांचा उपचार साधारण तीन वर्षे किंवा अधिक चालतो आणि प्रत्येक इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात, कारण क्वचित संपूर्ण शरीराची तीव्र प्रतिक्रिया उसळते आणि तेव्हा ती आवरणारे ॲड्रिनॅलिन हे औषध हाताशी असावे लागते. प्लॉटवरून खुडून आणलेल्या फुलांशी या उपचाराचा काडीइतकाही संबंध नाही.

मधाबद्दल थोडक्यात सांगतो. मधमाश्या मुख्यतः फुलांचे जड, चिकट पराग गोळा करतात, तर रॅगवीडचा पराग वाऱ्यावर पसरतो. अमेरिकेत ३६ जणांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थानिक मध खाणाऱ्यांना मधाच्या चवीचे नुसते सिरप घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम मिळाला नाही. मध आवडत असेल तर जरूर खावा, पण त्याच्या भरवशावर औषध सोडू नये.

गल्लीतले गाजर गवत कमी करायचे असेल तर ते फुलोऱ्यावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे आणि हे काम ज्यांना दमा किंवा त्वचेचा त्रास आहे त्यांच्याकडे मुळीच देऊ नये.