झीटा १ का नाही? सस्पेन्शनवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

गाडीच्या सस्पेन्शनवर, म्हणजे चाक आणि बॉडी यांना जोडणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या मांडणीवर, मी जे लिहिलं त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. (झीटा म्हणजे प्रत्यक्ष अवमंदन, म्हणजे झोका विरवण्याचा जोर, क्रांतिक अवमंदनाच्या किती पट आहे तो आकडा.) पहिला: क्रांतिक अवमंदनात, म्हणजे झीटा १ असताना, वस्तू सर्वांत लवकर स्थिर होते असं पाठ्यपुस्तक सांगतं, तर प्रवासी गाडीत झीटा ०.२५ ते ०.४ ठेवतात हे मी कशाच्या आधारावर लिहिलं; ही निव्वळ काटकसर असावी. दुसरा: शॉक ॲब्झॉर्बरच्या, म्हणजेच डॅम्परच्या, बल-वेग आलेखावरून तुम्ही काढलेला झीटा ०.६१ येतो, माझ्या ०.३ च्या दुप्पट. तिसरा: बॉनेट दाबून सोडलं आणि गाडी एक-दीड झोक्यात थांबली की शॉक ठीक, ही सर्वमान्य चाचणी मी उगाच मोडीत काढतो.

दुसरा आधी संपवतो, तो नुसत्या आकडेमोडीचा आहे. तुम्ही स्प्रिंगचा ताठपणा चाकापाशी धरला, २०,००० न्यूटन प्रति मीटर. डॅम्परचा गुणांक (बल भागिले वेग) मात्र डॅम्परपाशीच राहू दिला, ३,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. तुम्ही दिलेल्या मांडणीत चाक १० मिमी वर गेलं तर डॅम्पर ७ मिमी दबतो. म्हणजे डॅम्परचा वेग ०.७ पट, आणि तरफेमुळे चाकापर्यंत पोचणारं बलही ०.७ पट. दोन्ही मिळून ०.४९, आणि चाकापाशी गुणांक १,४७०. कोपऱ्यावरचं, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला येणारं बॉडीचं, वस्तुमान ३०० किलो धरलं तर क्रांतिक गुणांक (झीटा १ देणारा) २ × √(२०,००० × ३००), म्हणजे ४,८९९. भागून बघा, ०.३ च येतो. स्प्रिंगला हा वर्ग तुम्ही लावलाय, डॅम्परला लावायचा राहिला.

आता पहिला आक्षेप. पाठ्यपुस्तकाचं विधान पूर्ण वाचायला हवं: समतोल न ओलांडता सर्वांत लवकर परतायचं असेल तर झीटा १. थोडं ओलांडलेलं चालत असेल तर तिथेसुद्धा १ जिंकत नाही. वरच्याच कोपऱ्याची नैसर्गिक वारंवारता १.३ हर्ट्झ आहे. तो दाबून सोडला तर विस्थापन ५ टक्क्यांच्या आत यायला झीटा १ असताना ०.५८ सेकंद लागतात, ०.७ असताना ०.३६ सेकंद. ०.३ ला मात्र सव्वा सेकंद लागतो, तो इथे सपशेल हरतो. पण ही सगळी शर्यत जमीन स्थिर असतानाची आहे, आणि गाडीखालचा रस्ता काही स्थिर नसतो.

चाक रस्त्याबरोबर वरखाली होतं तेव्हा डॅम्पर बॉडीला नुसता आवरत नाही, तो रस्त्याची हालचाल बॉडीपर्यंत पोचवतोही. त्याचं बल वेगावर ठरतं, आणि वारंवारता वाढली की वेग वाढतो. १.३ हर्ट्झच्या अनुनादावर, म्हणजे रस्ता बॉडीच्या नैसर्गिक वारंवारतेनेच हलवतो तेव्हा, झीटा ०.३ ला बॉडी रस्त्याच्या १.९४ पट हलते, झीटा १ ला १.१२ पट, इथे तुमचं म्हणणं खरं. नैसर्गिक वारंवारतेच्या √२ पटीवर, म्हणजे १.८४ हर्ट्झवर, झीटा काहीही असो, प्रमाण बरोबर १ येतं. त्याच्या पुढे चित्र उलटतं. ताशी ६० किमी वेगाने जाताना अडीच मीटर अंतराचे उंचवटे साधारण ६.५ हर्ट्झने लागतात. तिथे झीटा ०.३ ला उंचवट्याचा १३ टक्के भाग बॉडीपर्यंत येतो, झीटा १ ला ३९ टक्के. तिप्पट! आणि बसलेल्या माणसाला उभी कंपनं सर्वांत जास्त जाणवतात ती ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यातच.

बलाच्या भाषेत पाहिलं तर आणखी स्पष्ट होईल. डॅम्परचा वेग चाकापाशी ०.५ मीटर प्रति सेकंद असेल तर १,४७० चा डॅम्पर ७३५ न्यूटन देतो, ४,८९९ चा जवळपास २,४५०. कोपऱ्याचं सगळं वजनच २,९४० न्यूटन आहे. खड्ड्यात चाक खाली जायला हवं तेव्हा हा ताठ डॅम्पर ते वरच धरून ठेवणार. खड्डे लागोपाठ असले तर प्रत्येक वेळी चाक थोडं कमी खाली येतं, सस्पेन्शन दबत दबत शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर, टेकतं.

डॅम्पर याहून ताठ करत नेला तर मला यातला सर्वांत रंजक वाटणारा प्रकार घडतो: गाडीचं अवमंदन वाढण्याऐवजी जवळजवळ नाहीसं होतं. सस्पेन्शन हलेनासं झालं की चाकासकट ३३५ किलोचा कोपरा फक्त टायरवर, सुमारे २,००,००० न्यूटन प्रति मीटर ताठपणावर, ३.९ हर्ट्झने उड्या मारतो, आणि टायरचं स्वतःचं अवमंदन नगण्य असतं.

मग ०.१ का नाही? चाकामुळे. ३५ किलोचं चाक टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये १२.६ हर्ट्झने थरथरतं. १,४७० च्या डॅम्परने त्याचा स्वतःचा झीटा ०.२६ येतो. डॅम्पर एक तृतीयांश केला तर तो ०.०९ वर येईल, चाक रस्ता सोडत राहील आणि ब्रेक लावताना पकड जाईल. प्रत्यक्षात एकच गुणांक ठेवतही नाहीत. १० मिमी आयामाची हालचाल बॉडीच्या वारंवारतेला ०.०८ मीटर प्रति सेकंद वेग देते, चाकाच्या वारंवारतेला ०.७९. म्हणून पिस्टनमधल्या शिमची (तेलाची वाट अडवणाऱ्या पातळ चकत्यांची) चवड अशी रचतात की कमी वेगाला बल झपाट्याने चढावं आणि पुढे आलेख आडवा होत जावा. दबताना बल कमी आणि उघडताना जास्त ठेवतात, ते वेगळंच.

तिसरा आक्षेप. हाताने जास्तीत जास्त ३० मिमी झोका मिळतो, त्यात वेग पाव मीटर प्रति सेकंदाच्या आत राहतो. जास्त वेगाचे व्हॉल्व्ह यात तपासलेच जात नाहीत. शिवाय बुश, सील आणि सांध्यांचं घर्षण आहे. ते १०० न्यूटन धरलं तर दर अर्ध्या झोक्याला आयाम २ × १०० ÷ २०,०००, म्हणजे १० मिमी कमी होतो. डॅम्पर पूर्ण मेलेला असला तरी ३०, २०, १०, शून्य: दीड झोक्यात गाडी थांबली! धडधाकट डॅम्पर घर्षण न धरता ३०, ११, ४, १.५ असा उतरतो. हा फरक डोळ्यांना कळणं अवघड.

मोबाइलच्या त्वरणमापकाला कळतो. फोन चाकाच्या बरोब्बर वर, बॉडीला टेपने घट्ट चिकटवा, नोंद सेकंदाला १०० वेळा ठेवा. एकच कोपरा दाबला तर गाडी कलतेही, म्हणून पुढची दोन्ही टोकं दोघांनी एकदम दाबा. लयीत तीन-चारदा दाबून सोडा. उभ्या त्वरणातून ९.८ वजा करा, हात सुटतानाचं टोक वगळा आणि पुढची लागोपाठची, एक वरचं एक खालचं अशी, टोकं घ्या. गुणोत्तर ०.३७ च्या आसपास असेल तर झीटा ०.३, ०.६२ असेल तर ०.१५, म्हणजे डॅम्पर निम्मा गेला. गुणोत्तर कायम न राहता वजाबाकी कायम राहत असेल, तर झोका डॅम्पर नव्हे, घर्षण थांबवतंय. अशा वेळी शॉक सोडवून हाताने दाबून-ओढून पाहा: दिशा बदलताना क्षणभर मोकळा गेला तर तेल कमी आहे किंवा तेलात हवा मिसळली आहे. मात्र ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉक उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढून-दाबून घेतल्याशिवाय हा निष्कर्ष काढू नका, आडवा ठेवलेला नवा शॉकही सुरुवातीला तसाच वागतो.