मँचेस्टर युनायटेडचे दिवाळे निघालेले नाही, आणि त्याचे शेअर क्यूआर कोडवर मिळत नाहीत

‘मँचेस्टर युनायटेडचा अंत’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर 2025 च्या जून महिन्यात परभणी, नांदेड, लातूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरत होता. त्याचा सारांश असा: 2024-25 च्या हंगामात इंग्लंडचा हा फुटबॉल क्लब प्रीमियर लीग या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत पंधराव्या क्रमांकावर घसरला, त्यामुळे आता तो खालच्या विभागात जाणार, क्लबचे दिवाळे निघाले असून येत्या ख्रिसमसपर्यंत तिजोरी रिकामी होणार, संघाचे कपडे पुरवणाऱ्या आदिदासने करार मोडला, कर्णधार ब्रूनो फर्नांडिस सौदी अरेबियाला निघाला आणि बाकीचेही त्याच वाटेवर आहेत, ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान विकायला काढले आहे, आणि या सगळ्यातून वाचण्यासाठी क्लब आपले शेअर जगभरच्या चाहत्यांना पडत्या भावात देत असून ‘भारतीय चाहत्यांसाठी’ किमान रक्कम पाच हजार रुपये ठेवण्यात आली आहे. मजकुराच्या शेवटी क्लबचे लाल बोधचिन्ह आणि त्याखाली पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड आहे.

असल्या मजकुराकडे एरवी मी ढुंकूनही पाहिले नसते. पण मानवतजवळच्या गावात राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो खरा मानला आणि सोयाबीनच्या बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या पैशांतून पाच हजार रुपये त्याने आईकडे मागितले. ताईने पैसे देण्याआधी मला फोन करून विचारले, ‘हे मँचेस्टरवाले खरंच आपल्याकडून पैसे घेतात का रे?’ पेरणीच्या तोंडावर हा प्रश्न माझ्या बहिणीला पडावा, याचा मला राग आला आहे आणि तो या लेखात लपवण्याचा माझा विचार नाही.

म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचा सगळा मजकूर त्या क्यूआर कोडपर्यंत माणसाला ओढत नेण्यासाठीच रचलेला आहे. मँचेस्टर युनायटेडचे शेअर अस्तित्वात आहेत, हे खरे. क्लब 2012 च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदला गेला आणि तेव्हा त्याचा एक शेअर 14 डॉलरला विकला गेला. नोंदणीकृत कंपनीचा शेअर बाजारातल्या चालू भावाने दलालामार्फत विकत घेतला जातो. कोणा गटाच्या अ‍ॅडमिनकडून तो ‘खास सवलतीत’ मिळत नाही. जिम रॅटक्लिफ यांच्यासारख्या अब्जाधीशालाही 2024 च्या फेब्रुवारीत हिस्सा घेताना सवलत मिळाली नव्हती. त्यांनी शेअरमागे 33 डॉलर, म्हणजे बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त, मोजले. ज्या क्लबचा शेअर रॅटक्लिफना चढ्या भावाने घ्यावा लागला, तो मानवतच्या पोराला कवडीमोलाने का मिळावा, एवढा एक प्रश्न हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणालाही पडलेला दिसत नाही.

भारतात राहणाऱ्या माणसाला हा शेअर घ्यायचाच असेल तर त्याची वाट कायदेशीर आणि थोडी कंटाळवाणी आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठवता येते. त्यासाठी पॅन लागते, पैसे बँकेमार्फत डॉलरमध्ये रूपांतरित होऊन जातात आणि परदेशी शेअर खरेदीची सोय असलेल्या दलालाकडे खाते उघडावे लागते. या सगळ्या वाटेवर कुठेही एखाद्या खासगी माणसाच्या यूपीआय खात्यावर पैसे पाठवण्याचा टप्पा येत नाही. भाच्याने मला पाठवलेला तो क्यूआर कोड मी स्कॅन करून पाहिला, तेव्हा पैसे घेणाऱ्याच्या जागी क्लबचे किंवा कोणत्याही कंपनीचे नाव न येता एका साध्या बचत खात्याच्या मालकाचे नाव आले. ज्यांनी पैसे पाठवून टाकले असतील, त्यांनी लाजेने गप्प न बसता 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

आणखी एक गोष्ट यात दडलेली आहे. ‘शेअर घ्या आणि क्लबच्या निर्णयात सहभागी व्हा’ असे आमिष मजकुरात आहे. प्रत्यक्षात क्लबचे शेअर दोन प्रकारचे आहेत आणि ज्या प्रकाराला दसपट मताधिकार आहे, तो क्लबचे मुख्य मालक असलेले ग्लेझर कुटुंब आणि रॅटक्लिफ यांच्याच हाती आहे. बाजारात मिळणाऱ्या शेअरने मँचेस्टरमधल्या जन्मजात पाठीराख्यालाही मालकांपुढे काही आवाज मिळालेला नाही. ‘ग्लेझर, चालते व्हा’ असे फलक तो वर्षानुवर्षे मैदानाबाहेर उगाच धरत नाही.

आता दिवाळ्याकडे वळू. येथे मला नाइलाजाने कबूल करावे लागते की मजकुरातले ख्रिसमसचे वाक्य हवेतून आलेले नाही. मार्च 2025 मध्ये स्वतः रॅटक्लिफ यांनी मुलाखतीत सांगितले होते की, खर्चाला कात्री लावली नसती तर त्यांनी 30 कोटी डॉलर घालूनसुद्धा आणि एकही नवा खेळाडू न घेता वर्षअखेरीस क्लबकडची रोख संपली असती. ‘कात्री लावली नसती तर’ हा भाग फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अलगद उडवला आणि कात्री लावण्याचे समर्थन म्हणून केलेल्या विधानाची भविष्यवाणी करून टाकली. ती कात्री कशी चालली, हेही नोंदवण्यासारखे आहे. 2024 मध्ये सुमारे अडीचशे नोकऱ्या गेल्या, 2025 मध्ये आणखी दोनशेपर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली आणि ओल्ड ट्रॅफर्डमधल्या कर्मचाऱ्यांचे दुपारचे मोफत जेवण बंद करून त्यांना फळे देण्याचे ठरले.

क्लब न्यूयॉर्क बाजारात नोंदलेला असल्यामुळे त्याला दरवर्षी आपला जमाखर्च अमेरिकी नियामकाकडे सादर करावा लागतो आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. 2023-24 या वर्षाचा तो अहवाल सांगतो की क्लबचे उत्पन्न 66 कोटी 18 लाख पौंड, म्हणजे तोपर्यंतचे सर्वाधिक होते; पगारावर 36 कोटी 47 लाख पौंड गेले; आणि तोटा 11 कोटी 32 लाख पौंडांचा झाला. तोटा मोठा आहे, यात शंका नाही. पण उत्पन्नाचा उच्चांक करणाऱ्या संस्थेचा तोटा हा उधळपट्टीचा पुरावा असतो, गिऱ्हाईक तुटल्याचा नव्हे. 2024 च्या जुलैत प्रशिक्षक एरिक टेन हाग यांचा करार वाढवायचा, ऑक्टोबरअखेर त्यांना काढायचे आणि त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना भरपाई द्यायची, किंवा 2022 मध्ये अँटनी या खेळाडूसाठी आठ कोटींहून अधिक पौंड मोजायचे आणि नंतर तो दुसऱ्या क्लबला उसना द्यायचा, असल्या निर्णयांनी ही वेळ आणली. शिपायाच्या जेवणातून ती भरपाई वसूल होणार नाही, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

कर्जाचे मूळ याहून जुने आहे. ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब घेतला तेव्हा तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबवरच मोठे कर्ज टाकले. एखाद्याने शेत विकत घ्यावे आणि त्याची किंमत चुकवण्यासाठी त्याच शेताच्या सातबाऱ्यावर बोजा चढवावा, असा तो व्यवहार होता. त्यातली 65 कोटी डॉलरची दीर्घ मुदतीची रक्कम 2025 मध्येही डोक्यावर होती. या मुद्द्यावर क्लबच्या मालकांना कोणी कितीही बोल लावले तरी माझा आक्षेप नाही. पण 2025-26 च्या हंगामात युनायटेडला युरोपातल्या क्लब स्पर्धांत जागा मिळाली नाही, आणि तिथे न खेळल्याने क्लब कोसळतो का, हे तपासायला याच अहवालांतला जुना दाखला पुरेसा आहे. 2013-14 मध्ये सातव्या क्रमांकावर आल्यामुळे पुढचा हंगाम युनायटेड युरोपबाहेर होता. त्या वर्षी उत्पन्न 43 कोटी 32 लाखांवरून 39 कोटी 52 लाख पौंडांवर उतरले. मैदानावर संघ चौथा आला. आणि त्यापुढच्या वर्षी उत्पन्न 51 कोटी 53 लाखांवर गेले. बुडण्याची ही रीत असेल तर ती पुष्कळांना परवडेल.

आदिदासने करार मोडलेला नाही. 2023 मध्ये वाढवलेला तो करार दहा वर्षांचा, किमान 90 कोटी पौंडांचा आहे आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत न खेळलेल्या प्रत्येक हंगामासाठी त्यातून 1 कोटी पौंड कापले जातील, असे कलम त्यात आहे. या कलमाचा फॉरवर्डमध्ये ‘करार रद्द’ झाला. फर्नांडिसने अल हिलाल या सौदी क्लबचा प्रस्ताव नाकारल्याचे स्वतः जूनच्या सुरुवातीलाच जाहीर केले होते. ओल्ड ट्रॅफर्ड विकायला काढल्याची गोष्टही अशीच: क्लबने 2025 च्या मार्चमध्ये शेजारीच एक लाख आसनांचे, सुमारे 200 कोटी पौंड खर्चाचे नवे मैदान बांधण्याचा बेत जाहीर केला. 1910 पासूनचे जुने मैदान त्यात बहुधा पाडले जाईल. त्याचे दुःख वाटणे मी समजू शकतो, आणि एवढा पैसा आणणार कुठून हा प्रश्नही रास्त आहे. पण याला विक्री म्हणत नाहीत.

राहिली खालच्या विभागात जाण्याची भीती. प्रीमियर लीगमध्ये वीस संघ असतात आणि शेवटचे तीन खाली जातात, ही प्राथमिक माहिती लेखकाला आहे की नाही, याचीच मला शंका आहे, कारण एका ठिकाणी ‘पंधराव्या क्रमांकामुळे पदावनती निश्चित’ असे चक्क लिहिले आहे. युनायटेडचे 42 गुण झाले. खाली गेलेल्या तिघांत सर्वांत वरच्या लेस्टरचे 25. मधले अंतर 17 गुणांचे आहे. हंगाम लाजिरवाणा होता, हे मात्र कोणी नाकारू नये: 38 सामन्यांत 18 पराभव, फक्त 44 गोल, आणि 1973-74 नंतरची सर्वांत वाईट कामगिरी. रुबेन अमोरिम यांनी नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक म्हणून सूत्रे घेतल्यानंतरच्या 27 लीग सामन्यांत 27 गुण मिळाले, आणि जानेवारीत ब्रायटनकडून हरल्यावर हा क्लबच्या इतिहासातला कदाचित सर्वांत वाईट संघ असल्याचे तेच म्हणून गेले. गंमत अशी की याच संघाने युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत एकही सामना गमावला नव्हता. फ्रान्सच्या ल्योंविरुद्ध जादा वेळेत 2-4 असे मागे पडून त्याने 5-4 असा विजय खेचून आणला, आणि मग 21 मे 2025 रोजी स्पेनमधल्या बिल्बाओत, लीगमध्ये सतराव्या आलेल्या टॉटनहॅमकडून 1-0 असा हरून तो युरोपाबाहेर गेला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि तो सामना पाहणाऱ्यांचे सांत्वन करणे मला जमणार नाही.

मजकुरात 1974 चाही दाखला आहे, तोही उलटा. मँचेस्टर सिटीकडून खेळणाऱ्या डेनिस लॉने आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध टाचेने गोल मारून युनायटेडला खाली ढकलले, ही ऐकीव कथा त्यात जशीच्या तशी आहे. तो गोल झाला, पण त्याच दिवशी बर्मिंगहॅम जिंकल्यामुळे युनायटेड तसाही खाली जाणारच होता. ‘मग क्लब अनेक वर्षे वर आला नाही’ हे पुढचे वाक्य तर सरळ खोटे आहे: 1974-75 मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून तो एकाच हंगामात परतला.

तेव्हा पुढे काय, असे भाच्याने विचारले, आणि हा प्रश्न त्या सगळ्या मजकुरापेक्षा शहाणा होता. मोठे क्लब कधीच बुडत नाहीत, असे मी त्याला सांगितले नाही. लीड्स 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता आणि न मिळालेल्या पैशांच्या भरवशावर कर्ज काढल्याने 2004 मध्ये खाली गेला. युनायटेडचे उत्पन्न इतके मोठे आहे की तशी वेळ लगेच येण्याची शक्यता मला दिसत नाही. दुसऱ्या बाजूला चेल्सी 2015-16 मध्ये दहावा आला आणि युरोपचे सामने नसलेल्या पुढच्याच हंगामात 93 गुणांसह विजेता झाला. आठवड्याला एकच सामना असेल तर 2025-26 मध्ये अमोरिम यांना आपली तीन बचावपटूंची रचना सरावात घोटून घ्यायला वेळ मिळेल, असे तेव्हा दिसत होते, आणि 2024-25 मध्ये वुल्व्ह्जसाठी 15 लीग गोल करणारा मॅथ्यूस कुन्हा 6 कोटी 25 लाख पौंडांना घेतला, हे योग्यच झाले. युनायटेडकडून लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या अमाद आणि फर्नांडिस यांचे प्रत्येकी आठच होते. पण तेव्हाच्या चेल्सीकडे 2014-15 चा विजेता संघ बराचसा शाबूत होता, आणि युनायटेडकडे तसे काही नव्हते. 1967 च्या विजेतेपदानंतर पुढचे मिळायला या क्लबला 1993 उजाडले होते आणि 2013 नंतरची वाट अजून सुरूच आहे. 2025-26 च्या हंगामात तो पहिल्या आठांत आला तर ती प्रगती समजावी, असा माझा तेव्हाचा अंदाज होता, आणि ल्योंच्या पहिल्या सामन्यात गोलरक्षक ओनानाने दोन गोल ज्या पद्धतीने दिले, ते पाहता नवा गोलरक्षक आला नाही तर एवढाही अंदाज मी छातीठोकपणे करणार नव्हतो.