दीडशेची रेघ

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली आणखी एक आकडा असतो, विजेच्या मीटरचा. रोज सकाळी चहा ठेवला की मी जिन्याखाली जाऊन तो बघून येते.

आम्ही इंदूरचे. इथे मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या घराला पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. म्हणजे दिवसाला ५ युनिटांत घर चालवायचं. रेघ ओलांडली की सवलत सगळीच जाते, नुसती वरच्या युनिटांची नाही. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात आमचे १६३ युनिट झाले आणि ते वरचे तेरा युनिट आम्हाला पाचशेच्या वर पडले. आमच्यासारख्या पेन्शनवरच्या घरात पाचशे रुपये म्हणजे आईंच्या महिन्याच्या गोळ्या. म्हणून 'एवढ्याशानं काय होतं' हे वाक्य मला पटत नाही. रेघेपाशी उभं असलेल्या घरात एवढ्याशानंच होतं.

मग शोधायला बसले. आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा पंखा दिवसातले चौदा तास फिरतो. वय शहाऐंशी, तो बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. काटकसर म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर करायची नसते. पण जुना पंखा ७५ वॉटचा होता, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण ३० वॉटचा. हिशेब मांडला तर महिन्याला जवळजवळ १९ युनिट वाचतात. त्या एका पंख्यानंच आम्ही रेघेच्या आत आलो. पंखा तीन हजारांचा, पण तो खर्च मला पटला. बाकी 'पर्यावरणपूरक' म्हणून विकायला येणाऱ्या बांबूच्या डब्या-चमच्यांवर मी पैसे घालत नाही. घरात स्टीलचे आहेत, ते चांगले चालतात.

दुसरा चोर निघाला सेट-टॉप बॉक्स. रिमोटनं बंद केला तरी तो वीज खातच राहतो. १० वॉट धरले तरी महिन्याचे ७ युनिट. आता रात्री भिंतीवरचं बटणच बंद. कूलरचंही तसंच. दिवसभर कितीही तापलं तरी माळव्याची रात्र उतरते. बारानंतर खिडक्या उघडल्या की कूलर लागत नाही.

पाण्याबद्दल मात्र पैशापेक्षा मनाला जास्त लागतं. आपल्या नळाला येणारी नर्मदा नदीकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपानं घाट चढवून आणलेली असते. त्या विजेचा खर्च एवढा, की इंदूर महानगरपालिकेनं २०२३ मध्ये जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे काढले, म्हणजे गुंतवणूकदारांकडून कर्ज उभारलं. ते पाणी आपण पुन्हा मोटर लावून गच्चीवर चढवतो आणि टाकी भरून वाहत असते. गल्लीत ओव्हरफ्लोचा आवाज आला की मी जाऊन बेल वाजवते. कुणाला राग येतो, येऊ दे.

एसी असलेल्या घरांना दीडशेची रेघ जमणार नाही, हे मला कळतं. पण एकशे साठ-सत्तरवर अडकलेली घरं आपल्या लोकमान्य नगरात, सुदामा नगरात किती तरी असतील. त्यांनी एक महिना फक्त आकडा लिहून बघावा. डिजिटल मीटरवर आकडे बदलत राहतात, त्यातला ज्याच्याजवळ 'केडब्ल्यूएच' (kWh, म्हणजेच युनिट) असं दिसतं तो घ्यायचा. नाही कळला तर मीटरचा फोटो मेसेंजरवर पाठवा, मी वाचून सांगेन. आज २२ तारीख, आमचे १०४ झालेत.