मातीत खेळणारी मुलं मागे पडतात म्हणे!

"चिखल-वाळूत खेळणारी मुलं अभ्यासात मागे पडतात" असा एक मेसेज फिरतोय. तो वाचून आमच्या वहिनीने साडेतीन वर्षांच्या भाच्याचं वाळूत खेळणं बंद केलं, म्हणून हे लिहायलाच लागलं.

मेसेज म्हणतो, मातीत मूल काहीच शिकत नाही, तोच वेळ टॅबवर एबीसीडीला द्या. अहो, उंच ग्लासातलं पाणी पसरट वाटीत ओतलं की ते "कमी झालं" असंच चार वर्षांच्या मुलाला वाटतं, पियाजे या स्विस बालमानसशास्त्रज्ञाने हे कधीच दाखवून ठेवलंय. ते स्वतः शंभरदा ओतून, सांडून, परत भरून बघेल तेव्हा कुठे त्याचं त्याला उमगायला लागेल, टॅबवर बोट फिरवून पाणी जड लागतं का? ओली वाळू थापली की उभी राहते, कोरडी घसरते, चिखलात जास्त पाणी पडलं की लाडू वळत नाही, मग ते पाणी कमी करून बघतं, हा प्रयोगच आहे ना! आणि मळून, पिळून, चिमटीत खडे उचलून बोटांत जी ताकद येते तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. टॅबचं म्हणाल तर २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, तोही कमी केला तर उत्तम, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय.

मेसेज पुढे म्हणतो, "माती म्हणजे जंतू, जंतू म्हणजे आजार." फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती-गवत आणून टाकलं, २८ दिवसांत तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीला ताळ्यावर ठेवणाऱ्या रक्तातल्या खुणाही सुधारल्या. अभ्यास ७५ मुलांचा, म्हणजे छोटाच, पण २०२० मध्ये सायन्स अ‍ॅडव्हान्सेस या विज्ञानपत्रिकेत छापून आलाय, तुमच्या मेसेजखाली तर कोणाचं नावही नाही.

जंतांचं मात्र खरंय, मान्य. शौचाने खराब झालेल्या मातीतून जंत होतात. मग कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली जागा टाळा, पायात चपला, नखं कापलेली, खेळून झालं की साबणाने हात धुवा, आणि अंगणवाडीत-शाळेत मिळणारी जंतांची गोळी चुकवू नका. मूल सारखं मातीच खात असेल तर डॉक्टरांना दाखवा, रक्त कमी असू शकतं.

आणि मातीत खेळून शिकणं म्हणजे "परदेशी फॅड"? बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शिंपले, खडे, बिया, पानं घेऊनच मुलांना शिकवलं, तेही आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या अंगणात जाऊन.