उतारा न वाचता उतारा कसा सुटेल?

शालान्त परीक्षा जवळ आली की एक संदेश फोनवर फिरू लागतो. यंदा तो मला तीन पालकांनी पाठवला. नंतर एका विद्यार्थिनीनेही पाठवला आणि खाली विचारलं, "मॅडम, असं केलं तर चालेल ना?" संदेश थोडक्यात असा: इंग्रजीचा उतारा म्हणजे हातचे गुण. उतारा वाचत बसू नका, वेळ जातो. आधी प्रश्न वाचा, प्रश्नातला मुख्य शब्द उताऱ्यात शोधा आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. हजार अवघड शब्द पाठ करा. विषय कुठलाही असो, पद्धत तीच. रोज दहा उतारे सोडवा, गुण कुठे जात नाहीत.

तिला मी एका ओळीत "नको" म्हणू शकले असते, पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नसतं. शिवाय ज्यांना इंग्रजी बऱ्यापैकी येतं ती मुलं असले संदेश वाचून सोडून देतात. ज्यांना इंग्रजीची धास्ती असते ती मात्र ते जिवापाड पाळतात, आणि नुकसान त्यांचंच होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहिते आहे.

"उतारा वाचत बसू नका, वेळ जातो." किती वेळ जातो, याचा साधा हिशोब करू. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९० अभ्यासांमधली माहिती एकत्र करून २०१९ साली एक आकडा काढला: इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या वेगाने वाचतो. आपली मुलं एवढ्या वेगाने वाचणार नाहीत. मिनिटाला १०० शब्दच धरा. तरी ३०० शब्दांचा उतारा तीन मिनिटांत वाचून होतो. उलट, न वाचता शोधाशोध करणारं मूल पाच प्रश्नांसाठी पाच वेळा तोच उतारा वरपासून खालपर्यंत चाळतं. दर वेळी नजर ओळींवरून घसरते, मनात काही उतरत नाही, आणि सहाव्या मिनिटालाही उतारा कशाबद्दल आहे हे त्याला सांगता येत नाही. प्रश्नांवर आधी ओझरती नजर टाकायला माझी हरकत नाही, काय शोधायचं आहे ते त्याने डोक्यात राहतं. पण ती नजर वाचनाच्या आधीची आहे, वाचनाच्या बदल्यातली नाही.

आता संदेशाचा गाभा: "प्रश्नातला शब्द शोधा, ते वाक्य उतरवा." ही युक्ती कधीच चालत नाही, असं मी म्हणणार नाही. घटना कुठे घडली, कोण आलं, किती वाजता आलं, अशा सरळ माहितीच्या प्रश्नांना ती चालते. म्हणूनच मुलांचा तिच्यावर विश्वास बसतो. पहिले दोन प्रश्न सुटतात आणि पुढचे बुडतात.

वर्गासाठी मी स्वतः लिहिलेला एक छोटा उतारा आहे, दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराचा. तीस वर्षं तो रोज संध्याकाळी जिना चढून दिवा लावत आलेला असतो. पहिल्या परिच्छेदात एक वाक्य सहज येऊन जातं: एका वादळी रात्री दिवा विझला होता आणि त्या रात्री एक होडी परत आली नाही. पुढे दिवा आपोआप लागण्याची सोय होते आणि म्हाताऱ्याचं काम संपतं. तरी तो रोज जिना चढतो. वर गेल्यावर दिव्याच्या काचेला हात लावतो, ती गरम लागली की खाली उतरतो. उतारा तिथेच संपतो. प्रश्न असा: दिवा आपोआप लागत असूनही म्हातारा रोज वर का जातो?

शब्द शोधणारी मुलं 'स्टेअर्स' शोधतात. तो शब्द ज्या वाक्यात आहे त्याचा अर्थ इतकाच की दिवा आता आपोआप लागत असला तरी तो रोज संध्याकाळी जिना चढायचा. निम्म्याहून जास्त वह्यांत मला हेच वाक्य मिळालं, सुवाच्य अक्षरात, एकही स्पेलिंग न चुकता. पण हे तर प्रश्नातच सांगितलेलं आहे! 'का' विचारलं होतं, आणि उत्तरात प्रश्नच परत आला.

एका मुलाने मात्र लिहिलं होतं, 'ही इज अफ्रेड लॅम्प गो ऑफ अगेन.' व्याकरण चुकलेलं आहे. पण त्यातला 'अगेन' बघा. पहिल्या परिच्छेदातली वादळी रात्र आणि शेवटच्या ओळीतला काचेवरचा हात, ही दोन टोकं त्या मुलाने मनात एकत्र आणली आणि त्या एका शब्दात बांधली. उताऱ्यात कुठेही म्हाताऱ्याला भीती वाटते असं लिहिलेलं नाही. 'अफ्रेड' हा शब्द शोधून सापडलाच नसता, कारण तो तिथे नव्हताच. याला मी वाचन म्हणते, आणि हे पूर्ण उतारा वाचल्याशिवाय होत नाही.

शिवाय प्रश्न काढणारी माणसंही विचार करूनच प्रश्न काढतात. उताऱ्यात 'रिलक्टंट' असेल तर प्रश्नात त्याच अर्थाचा 'अनविलिंग' येतो. शोधायचा शब्द दोन ठिकाणी असतो आणि उत्तर दुसऱ्या ठिकाणी असतं, पण शोधणारं मूल पहिल्याच ठिकाणी थांबतं. 'धिस' किंवा 'इट' म्हणजे काय, असं विचारलं तर उत्तर बहुधा आधीच्या वाक्यात असतं आणि मुलं तो शब्द असलेलंच वाक्य उतरवून मोकळी होतात.

"हजार अवघड शब्द पाठ करा." शब्द लागतात, यात वाद नाही. हू आणि नेशन या संशोधकांनी इंग्रजी शिकणाऱ्यांना एक गोष्ट वाचायला देऊन हे तपासलं. त्यांचा निबंध २००० साली आला. ज्यांना शंभरातले ८० शब्दच ओळखीचे होते, त्यांच्यापैकी कुणालाही गोष्ट पुरेशी कळली नाही. कुणाच्याही मदतीशिवाय नीट कळायची असेल तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत, असा त्यांचा हिशोब निघाला. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी असेल, तर आजूबाजूच्या वाक्यांवरून त्याचा अंदाज बांधता येतो. दर पाचवा शब्द अनोळखी असला तर अंदाज बांधायला आधारच उरत नाही.

मग प्रश्न उरतो, शब्द कोणते? फिरणाऱ्या यादीतले भारदस्त शब्द वर्षभरात एकदाही समोर येणार नाहीत. पुन्हा पुन्हा येतात ते साधे शब्द. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये शिकणाऱ्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडतील अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तीही याच विचाराने. माझा अनुभव असा की मुलांचे गुण अवघड शब्दांपेक्षा ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवर जास्त जातात. 'ही हार्डली स्पोक टू एनीवन' या वाक्याचा अर्थ एका मुलीने सांगितला, "तो सगळ्यांशी कडक बोलायचा." 'हार्ड' म्हणजे कडक हे तिला माहीत होतं, म्हणून 'हार्डली'पाशी ती थांबलीच नाही. वाक्याचा अर्थ आहे, तो फारसा कुणाशी बोलतच नसे. एका शब्दाने अबोल माणसाचा रागीट माणूस झाला आणि त्याच्याबद्दलची पुढची तिन्ही उत्तरं चुकली. अनोळखी शब्दापाशी मूल निदान अडखळतं, विचार करतं. इथे तेही घडत नाही. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचंही असंच आहे. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कुणी आलं नाही, 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे काही जण आले. 'अनलेस', 'दो', 'येट', 'इन्स्टेड' हे शब्द वाक्याची दिशा बदलतात. असे चाळीसेक शब्द प्रत्येकी दोन-दोन वाक्यांसह वहीत उतरवून घ्या. पाठांतराची हौस असेल तर ती इथे भागवा.

"विषय कुठलाही असो, पद्धत तीच." हे मला सर्वांत घातक वाटतं, कारण यातून मुलांना असं वाटतं की बाकीच्या वाचनाचा उताऱ्याशी काही संबंध नाही. अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळाची जाण असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्याला विषय ठाऊक आहे तो न लिहिलेल्या जागा स्वतः भरतो. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे ज्याने मराठीत समजून घेतलेलं आहे, त्याला इंग्रजी उताऱ्यात 'टाइड' आणि 'मून' एकत्र दिसले की अर्धा उतारा तिथेच उलगडतो. त्यामुळे भूगोलाचं पुस्तक, विज्ञानाचा धडा, मराठी वर्तमानपत्रातला लेख, यातलं मन लावून वाचलेलं काहीही इंग्रजीच्या पेपरात वाया जात नाही. मराठीत वाचणाऱ्या मुलाला "आधी इंग्रजी सुधार" म्हणून टोकू नका, अशी पालकांना माझी कळकळीची विनंती आहे.

राहिलं "रोज दहा उतारे सोडवा." दहा उतारे सोडवणारी मुलं मी पाहिली आहेत. उत्तरं लिहायची, मागची उत्तरसूची बघायची, बरोबर-चूक खुणा करायच्या आणि पुढचा उतारा घ्यायचा. महिन्याभरात तीनशे उतारे होतात आणि तीच चूक तीनशे वेळा होते. हातून जे पुन्हा पुन्हा होतं ते पक्कं होतं, मग ते चुकीचं का असेना.

संदेश पाठवणाऱ्या त्या विद्यार्थिनीला मी दहाच्या जागी एक उतारा दिला, दोन दिवसांसाठी. पहिल्या दिवशी घड्याळ लावून सोडवायचा, पण उत्तरसूची बघायची नाही. दुसऱ्या दिवशी वेळेचं बंधन न ठेवता, शब्दकोश हाताशी घेऊन तोच उतारा पुन्हा वाचायचा. उत्तर बदलावंसं वाटलं तर वेगळ्या शाईने बदलायचं आणि प्रत्येक उत्तरापुढे उताऱ्यातल्या आधाराच्या ओळीचा क्रमांक टाकायचा. मग उत्तरसूची. जे चुकलं त्यापुढे कारण लिहायचं, चारांपैकी एक: शब्द कळला नाही, वाक्य कळलं नाही, प्रश्न कळला नाही, किंवा कळलं पण लिहिता आलं नाही. चारांवरचे उपाय वेगळे आहेत. शब्द अडला तर तो वहीत जातो. वाक्य अडलं तर कर्ता आणि क्रियापद शोधायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते आधीच येऊन गेलेलं असतं आणि मागे शेपूट लांबत जातं, तिथेच मुलं हरवतात. लिहिता आलं नाही तर आधी उत्तर मराठीत बोलून बघायचं आणि मग साध्या इंग्रजी वाक्यात मांडायचं.

तीन आठवड्यांनी तिने वही आणून दाखवली. एकूण अकरा उतारे झाले होते. शब्दांमुळे गेलेली उत्तरं तिला वाटत होती त्यापेक्षा खूपच कमी निघाली. सर्वांत जास्त चुका 'प्रश्न कळला नाही' याखाली होत्या: 'व्हाय' विचारलेलं असताना तिने 'व्हॉट'चं उत्तर दिलेलं, दोन कारणं मागितलेली असताना एकच लिहिलेलं. वहीकडे बघत ती म्हणाली, "मॅडम, मी तर शब्दच पाठ करत बसले होते." त्या संध्याकाळी आम्ही एकही उतारा घेतला नाही. जुन्या अकरा उताऱ्यांचे नुसते प्रश्न काढून बसलो आणि प्रत्येक प्रश्न नेमकं काय मागतो आहे, ते तिने मला तिच्या शब्दांत सांगितलं.