जादूची चाचणी मागे घेतली, फंबल मात्र परत आणणार नाही

आमच्या टेबलापुरत्या बदललेल्या नियमांवर, म्हणजे हाउस रूलवर, मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला आठ दिवस लागले, कारण तिच्यातला एक मुद्दा मला आमच्या टेबलावरच्या नोंदींशी ताडून बघायचा होता. ताडला. तुम्ही बरोबर निघालात. आधी त्याबद्दल लिहितो, मग जिथे तुमचं पटलेलं नाही तिकडे वळतो.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमचा सहा जणांचा गट 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ची पुस्तकं, डीएम (गोष्ट चालवणारा आणि राक्षस खेळवणारा) मी. लेखात आमचे चार हाउस रूल दिले होते. हल्ल्याच्या फाशावर १ पडला तर वार चुकतो, पण तलवार निसटणं, मित्रालाच लागणं असलं काही होत नाही. अशा फजितीचा, म्हणजे फंबलचा, तक्ता आम्ही काढून टाकला. स्लॉट (जादूचा मोजका साठा) खर्चून स्पेल (मंत्र) टाकायचा तर आधी विसाच्या (वीस बाजूंच्या) फाशावर चाचणी द्यायची. ती हुकली तर स्पेलही गेला आणि स्लॉटही. शून्य हिट पॉइंटवरून (घाव सोसायची ताकद संपून पडल्यावर) उठणाऱ्याला एक्झॉशनची (थकव्याची) एक लेव्हल. आणि पोशन (जखमा भरणारं औषध) पिणं पाळीतल्या जास्तीच्या छोट्या कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये.

तुमचं म्हणणं असं: फायटरला (शस्त्रानं लढणाऱ्याला) फंबलमधून सोडवताना लावलेला न्याय विझार्डला (जादूगाराला) लावला नाही, हा उघड दुजाभाव आहे. पुस्तकातले नियम खूप खेळून तपासलेले असतात, त्यांना हात लावू नये. तुमच्या टेबलावर ते जसेच्या तसे चालतात. शून्याचा नियम पडलेल्याला आणखी खाली ढकलतो. थरारच हवा असेल तर विसावर मोठा क्रिटिकल (वाढीव मार) द्या. आणि जादू धोक्याची हवी असेल तर सरळ 'डंजन क्रॉल क्लासिक्स' हा दुसरा खेळ खेळा.

दुजाभावापासून सुरुवात करतो. फंबलविरुद्ध मी आकडे मांडले होते. विसाच्या फाशावर १ पडायची शक्यता ५ टक्के. पण पाचव्या लेव्हलला फायटर एका पाळीत दोन वार करतो, तेव्हा त्या पाळीत निदान एकदा १ पडायची शक्यता ९.७५ टक्के होते. अकराव्या लेव्हलला तीन वार, म्हणजे १४ टक्क्यांच्या वर. विसाव्या लेव्हलला चार वार, साडेअठरा टक्के. माणूस जितका तरबेज, तितकी त्याची फजिती जास्त. चार राउंडच्या लढतीत अकराव्या लेव्हलचा फायटर बारा वार करतो आणि त्यात एकदा तरी फंबल व्हायची शक्यता ४६ टक्के निघते. शेजारचा विझार्ड फायरबॉल टाकतो तेव्हा त्याच्या हातात विसाचा फासा येतही नाही, सेव्ह, म्हणजे परिणामातून सुटायचा फासा, समोरचे टाकतात. म्हणून मी लिहिलं होतं की नियम कोणाला जाचतो हे कळायला फासा कोणाच्या हातात किती वेळा येतो ते मोजावं.

तेच माप तुम्ही माझ्या जादूच्या नियमाला लावलंत. मी ते लावलं नव्हतं.

आमची चाचणी अशी: विसाचा फासा, अधिक प्रोफिशियन्सी (कसबाची भर), अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर (बुद्धीच्या आकड्यावरून मिळणारी भर), गाठायचा आकडा १० अधिक स्पेलची लेव्हल. आमच्या पाचव्या लेव्हलच्या विझार्डचं इंटेलिजन्स १८, म्हणजे फाशात ७ मिळवायचे. 'होल्ड पर्सन' (समोरच्याला जागीच खिळवणारा स्पेल) दुसऱ्या लेव्हलचा, गाठायचे १२; फाशावर ५ किंवा जास्त हवेत. ८० टक्के यश म्हणजे फारसं काही बिघडत नाही, असं मला वाटलं होतं. पण त्यानंतर समोरच्याचा सेव्ह असतो. विझार्ड खेळणारीचा सेव्ह डीसी (समोरच्यानं सुटायला गाठायचा आकडा) १५. विझडम सेव्हला १ मिळवणारा साधा डाकू समोर असेल तर तो ३५ टक्के वेळा सुटतो. चाचणी नसती तर स्पेल ६५ टक्के वेळा लागला असता. चाचणीमुळे ते ५२वर आलं. एवढं करून स्पेल लागलाच तर डाकूला प्रत्येक पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह आहे, आणि तिला कोणी मारलं तर कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवरची एकाग्रता) टिकवायला तिचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह वेगळा. आमचा फायटरही ७च मिळवतो. एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५ असलेल्या त्याच डाकूवर त्याचा वार ६५ टक्के वेळा लागतो, असे वार पाळीला दोन, आणि चुकले तरी खर्च शून्य. तिच्याकडे दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट दिवसाला तीन.

गेल्या दोन सेशनच्या नोंदी काढल्या. तिनं स्लॉट खर्चून नऊ स्पेल टाकले. तीन चाचणीतच गेले, दोन सेव्हमध्ये. त्यातल्या एका लढतीत चार राउंड बसून तिच्या हातून काहीच झालं नव्हतं आणि तिसऱ्या राउंडनंतर ती गप्प झाली होती. ते मला तेव्हा दिसलं होतं. थकली असेल, असं मी समजलो.

आणखी एक चूक, जी तुम्ही दाखवली नाहीत पण मान्य करायला हवी. हा नियम मी कॅम्पेनच्या (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीच्या) मध्यात आणला. तिनं विझार्ड निवडला तेव्हा तो नव्हता. गल्ली क्रिकेटमध्ये 'एक टप्पा आउट' हे पहिल्या बॉलआधी ठरतं; कोणी अर्धी बॅटिंग करून झाल्यावर ते जाहीर केलं तर भांडण होतं आणि व्हायलाच हवं. तिनं भांडण केलं नाही, म्हणून नियम बरोबर ठरत नाही. गेल्या रविवारी मी तो सगळ्यांसमोर मागे घेतला.

'डंजन क्रॉल क्लासिक्स'चा तुमचा दाखला मला फार उपयोगी पडला, फक्त तुम्ही म्हणता त्या दिशेनं नाही. २०१२मध्ये आलेल्या त्या खेळात विझार्ड प्रत्येक स्पेलला विसाचा फासा टाकतो, हे खरं. पण तिथे आपल्यासारखे मोजके स्लॉट नाहीत. चाचणी जमली तर स्पेल हातात राहतो, पुन्हा टाकता येतो. शिवाय प्रत्येक स्पेलला स्वतःचा तक्ता आहे: आकडा जितका मोठा तितका परिणाम मोठा. १ पडला तर शरीरावर कायमचा विकार उमटू शकतो, पण मोठा आकडा पडला तर त्याच छोट्या स्पेलनं अख्खी लढत फिरते. धोका आणि बक्षीस एकाच फाशावर आहेत. मी त्यातला धोका उचलला, बक्षीस तिथेच ठेवलं आणि आपल्या स्लॉटचा खर्चही कायम ठेवला. एका वस्तूची किंमत दोनदा वसूल केली. माझा नियम मोडला तो इथे.

पण मुळात तो नियम मला का सुचला? विझार्ड लढत पहिल्याच राउंडमध्ये संपवत होती. पाचव्या लेव्हलचा फायरबॉल म्हणजे आठ सहाचे फासे, सरासरी २८ डॅमेज, वीस फुटांच्या त्रिज्येत सापडेल त्याला. आमचं सेशन तीन तासांचं. त्यात लढती होतात एक, फार तर दोन, आणि त्यानंतर पार्टी लॉन्ग रेस्ट (स्लॉट परत मिळवून देणारी मोठी विश्रांती) घेते. २०१४च्या डीएम गाइडचा हिशेब वेगळा आहे: दोन लॉन्ग रेस्टच्या मध्ये सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढती. तिचे दोन फायरबॉल सहा लढतींत वाटायचे असतात तेव्हा कुठला वाचवायचा याचा विचार करावा लागतो. दोन लढतींत दोन फायरबॉल असतील तर विचार कशाला? रोग विश्रांतीच्या वेळापत्रकात होता आणि मी औषध विझार्डला पाजत होतो.

तेव्हा स्पेलला हात न लावता विश्रांती बदलली. त्याच पुस्तकात पर्यायी नियम आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लॉन्ग रेस्ट सात दिवसांची. रात्रीची झोप ही शॉर्ट रेस्ट, आणि गावात आठवडाभर मुक्काम केला तर स्लॉट परत. यामुळे एकाच भरलेल्या स्लॉटवर आमची तीन-चार सेशन जातात. मात्र हा नियम आंधळेपणानं लावला तर त्याचाही भार विझार्डवरच पडतो. 'मेज आर्मर' आठ तास टिकतो. स्लॉट आठवड्यानं मिळणार असतील तर रोजच्या चिलखतासाठी रोज एक स्लॉट कुठून आणायचा? म्हणून आठ तास टिकणारे स्पेल आमच्याकडे पुढच्या लॉन्ग रेस्टपर्यंत टिकतील. हे मी या वेळी आधी तिला विचारून ठरवलं. स्लॉटऐवजी स्पेल पॉइंट वापरायचा विचारही केला होता, पण गणित मांडलं आणि सोडून दिला. पाचव्या लेव्हलला २७ पॉइंट मिळतात, तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला ५ लागतात. म्हणजे दोन फायरबॉलच्या जागी पाच.

आता जे पटलं नाही त्याकडे.

पुस्तकातले नियम तपासलेले असतात, मान्य. पण तपासलेले असतात ते कोणाच्या तरी टेबलावर, आणि हा खेळच मुळात हाउस रूलमधून जन्मला. १९७१मध्ये 'चेनमेल' हा छोट्या सैनिकांच्या बाहुल्यांनी खेळायचा मध्ययुगीन लढाईचा खेळ निघाला. त्यात साधा सैनिक एका घावात मरायचा. मिनेसोटात डेव्ह आर्नेसन आपल्या गटाला 'ब्लॅकमूर' खेळवत होता आणि तिथे प्रत्येकाला एकेकच पात्र होतं. आपलं पात्र एका फाशात मेलेलं खेळाडूंना रुचेना, म्हणून त्यानं घाव सोसायची मोजदाद आणली. ते आपले हिट पॉइंट. गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं पुस्तक त्यानंतर १९७४मध्ये आलं. अलीकडचं उदाहरण पोशनचं. २०१४च्या पुस्तकात ते प्यायला पूर्ण अ‍ॅक्शन जाते, आणि साध्या हीलिंग पोशनचे सरासरी सात हिट पॉइंट. त्यासाठी अख्खी पाळी कोण देईल? कितीतरी टेबलांवर लोक ते बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिऊ लागले, आणि २०२४च्या पुस्तकात तेच छापून आलं. तुम्ही आमच्या चार नियमांत हाही चुकीचा धरलात, पण तो आता पुस्तकातच आहे.

मोठ्या क्रिटिकलबद्दल माझं मत ठाम आहे. तुम्ही सुचवता तो प्रकार, म्हणजे एका वाराचे फासे पूर्ण धरायचे आणि वर पुन्हा टाकायचे, ऐकायला खेळाडूंच्या बाजूचा वाटतो. पण गॉब्लिन एका लढतीपुरता येतो, पात्र पूर्ण कॅम्पेनभर मार खातं. जगात जितके विसाच्या फाशावर वीस पडणार आहेत त्यातले बरेच डीएमच्या हातून पडणार आहेत. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट आठ धरा. बगबेअर या राक्षसाचा मॉर्निंगस्टार (काटेरी गदा) दोन आठाचे फासे अधिक २. पुस्तकाप्रमाणे क्रिटिकलला चार फासे, सरासरी २०. तुमच्या नियमानं १६ अधिक दोन फासे अधिक २, म्हणजे कमीत कमी २०. शून्यानंतर उरलेलं डॅमेज कमाल हिट पॉइंटइतकं असेल तर पात्र जागीच मरतं. आठ हिट पॉइंटवाल्याला त्यासाठी १६ पुरतात. पुस्तकात वाचायची थोडी तरी वाट आहे, तुमच्या नियमात एकही नाही. गायगॅक्सनं १९७९च्या डीएम गाइडमध्ये हेच बजावलं होतं की असे नियम दोन्ही बाजूंना कापतात आणि पात्रांचं आयुष्य त्यानं घटतं. त्याच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. या मताशी आहे.

शून्याच्या नियमावर तुम्ही अर्धे बरोबर आहात. तो का आणला ते आधी सांगतो. आमचा क्लेरिक (बरं करणारा पुरोहित) साठ फुटांवरून बोनस अ‍ॅक्शनमध्ये 'हीलिंग वर्ड' टाकायचा, पडलेला उठायचा, एक वार करायचा, पुन्हा पडायचा, पुन्हा उठायचा. एका लढतीत आमचा बार्बेरियन चार वेळा पडला आणि चौथ्यांदा कोणी मान वर करून बघितलंही नाही. पडण्याची भीतीच गेली होती. ती परत आली, हे नक्की. पण २०१४च्या एक्झॉशनमध्ये तिसऱ्या लेव्हलला हल्ला आणि सेव्ह दोन्हींवर डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो (दोन फासे टाकून छोटा आकडा धरायचा), म्हणजे जो हरतोय तो आणखी हरतो. तुम्ही म्हणता ती घसरण हीच. शिवाय एक्झॉशनची एक लेव्हल उतरायला लॉन्ग रेस्ट लागते, आणि आमची लॉन्ग रेस्ट आता सात दिवसांची. दोन हाउस रूल एकमेकांच्या पायात आले. म्हणून दुरुस्ती केली: त्याच लढतीत दुसऱ्यांदा पडलात तरच एक लेव्हल, मोजणी २०२४च्या पद्धतीनं, म्हणजे दर लेव्हलला विसाच्या फाशातून २ वजा, आणि रात्रभर झोपलात की एक लेव्हल उतरते. यापेक्षा मऊ मी करणार नाही.

शेवटचं. तुमच्या टेबलावर पुस्तक जसंच्या तसं चालतं यावर माझा विश्वास आहे, कारण तुम्हीच लिहिलंय की तुम्ही रविवारी सकाळी दहाला बसता आणि संध्याकाळी उठता, आणि दिवसाकाठी पाच-सहा लढती होतात. पुस्तकानं धरलेला दिवस तुम्ही खरोखर खेळता. आमच्याकडे कोणाची मुलं लहान, कोणाची सोमवारी पहाटेची शिफ्ट. तीन तासांवर चौथा मिळत नाही. त्यामुळे एक विनंती. सहा लढती एका बैठकीत तुम्ही कशा बसवता ते सविस्तर लिहा: इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम) कोण सांभाळतं, राक्षसांचे फासे एकत्र टाकता का, एका लढतीला किती मिनिटं जातात. आमची एक लढत सव्वा तास खाते आणि त्यातला अर्धा वेळ 'आता कोणाची पाळी' विचारण्यात जातो. तो वाचवता आला, तर सात दिवसांच्या लॉन्ग रेस्टचा नियमही मला पुन्हा तपासावा लागेल.