उशीखालचा पाव

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभर एकच विषय चालू आहे: आईला वृद्धाश्रमात ठेवायचं की नाही. आई सांगलीत एकटी, वय 81, गुडघे गेलेले. दादा म्हणतो, ठेवू. मामा म्हणतो, "दोन-दोन मुलं असताना आश्रम? लोक तोंडात शेण घालतील." मी टोरोंटोत बसून दोघांनाही अंगठे पाठवते. परदेशातल्या मुलीचं मत कोण विचारतो!

पण मत आहे, आणि ते इथल्या बॅथर्स्ट स्ट्रीटवर झालंय. तिथे ज्यू वृद्धांच्या एका केअर होममध्ये मी दोन वर्षं दर शुक्रवारी जाते, चाकाच्या खुर्च्या ढकलायला. पहिल्याच दिवशी माझा डबा न उघडता पिशवीत परत गेला. स्वयंपाक कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनुसार; बाहेरचं अन्न जेवणघरात चालत नाही. जेवणात मांस असेल तर वर दुधाचा चहा नाही. दोन्हींची भांडीही वेगळी. आजीचं सोवळं आठवून मला हसू आलं.

शुक्रवारी संध्याकाळी ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. सूर्यास्ताआधी सगळ्यांना हॉलमध्ये आणायचं. मेणबत्त्या बटणावरच्या, आगीच्या भीतीने. वाइनऐवजी द्राक्षाचा रस, शेजारी वेणी घातल्यासारखा 'हल्ला' नावाचा पाव. एक आजी स्वतःच्या लेकीचं नाव विसरल्यात. दिवे लागले की त्या डोळ्यांवर हात धरतात आणि हिब्रू प्रार्थना एकही शब्द न गाळता म्हणतात. लेक शेजारी बसून ऐकते.

आणि ते हंगेरीचे आजोबा. नव्वदी ओलांडलेले, नाझींच्या छळछावणीतून वाचलेले. रोज जेवताना पावाचा तुकडा रुमालात गुंडाळतात आणि उशीखाली ठेवतात. फिलिपिनो नर्स तो काढून घेत नाही. सकाळी शिळा उचलते, त्या जागी ताजा ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, नव्या माणसाला इथे आधी हेच शिकवतात: कुणाचा पाव काढून घ्यायचा नाही, अंघोळीला रांग लावायची नाही; छावणी आठवते.

याच शहरात 1918 साली ज्यू बायकांच्या एका मंडळाने सेसिल स्ट्रीटवरच्या छोट्याशा घरात म्हाताऱ्यांसाठी आसरा उघडला. आजचं बेक्रेस्ट हे मोठं केंद्र त्यातूनच वाढलं. आपल्या माणसांना आपलं अन्न आणि आपली भाषा मिळावी, एवढी साधी निकड. पोरं वाईट निघाली म्हणून नव्हे.

सगळं गोड आहे असं नाही. 2020 च्या पहिल्या लाटेत कॅनडातले कोविडचे बहुतेक मृत्यू केअर होम्समध्येच झाले, ऑन्टारियोत काही ठिकाणी तर सैन्याची माणसं पाठवावी लागली. आणि आई-बापाला भेटून गाडीत बसून रडणारी मुलं इथल्या पार्किंगमध्येही दिसतात. 'टाकलं' हा शब्द फक्त मराठीत नाही.

फरक असा की आपला वाद मुलगा चांगला की कृतघ्न, यापुढे सरकतच नाही. आपल्याकडच्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याचंही लोकांना एवढंच ठाऊक, की मुलांकडून पोटगी मिळते. त्याच कायद्यात दर जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असं निदान एक घर असावं, हेही लिहिलंय. त्यावर आमच्या ग्रुपवर एकही फॉरवर्ड आलेला नाही. घर कसलं हवं, तिथे म्हाताऱ्या माणसाला काय ओळखीचं सापडेल, हा प्रश्न मामाला पडत नाही आणि दादालाही नाही.

मलाही पडला नव्हता, हे कबूल करते. परवा मी सांगली-कोल्हापूरकडच्या तीन आश्रमांना फोन केले. डिपॉझिट किती, डॉक्टर कधी येतो, खोलीला संडास आहे का, सगळं वहीत टिपलं आणि रात्री आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते असू दे गं. एकादशीला साबुदाणा करतात का तिथे?"

वहीत ते नव्हतं.